४२.३४ मीटरचा शोध
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मागच्या दिवाळीत मुलाने मला एक स्कॅनर आणून दिला. म्हणाला, "बाबा, तुमची सवय काही जात नाही. हा घ्या, बसा शोधत." सवय म्हणजे नोकरीची. ३१ वर्षं मी सरकारी बिनतारी देखरेखीच्या कामात काढली. कानाला हेडफोन, हातात डायल आणि समोर वही. कोण कुठल्या फ्रीक्वेन्सीवर बोलतो आहे, त्याला तिथे बोलायचा परवाना आहे का, आणि नसला तर तो बसला आहे कुठे, हे शोधायचं. निवृत्तीनंतर हौशी रेडिओचा, म्हणजे ज्याला हॅम म्हणतात त्याचा परवाना काढला. त्यामुळे घरात तारा, अँटेना आणि बायकोची बोलणी यांची कधी कमतरता नसते.

स्कॅनर म्हणजे काय, ते आधी सांगतो. आपल्या साध्या रेडिओत काटा आपण फिरवतो. स्कॅनरमध्ये तो यंत्रच फिरवतं. एसटीतला तिकीट तपासनीस आठवा. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत जातो, रिकामा बाक सोडून देतो, माणूस दिसला की थांबतो. स्कॅनरला आपण पहिला बाक कुठला आणि शेवटचा कुठला हे सांगायचं, म्हणजे खालची आणि वरची फ्रीक्वेन्सी. मग एका वेळी किती बाक ओलांडायचे ते सांगायचं. त्याला स्टेप म्हणतात. नंतर स्क्वेल्च नावाचं एक बटण असतं. किती आवाजाला माणूस समजायचं आणि किती आवाजाला नुसती खरखर, हे त्याने ठरतं. स्क्वेल्च फार घट्ट केला तर लांबचा, दबका आवाज कानावर येतच नाही. फार सैल ठेवला तर यंत्र प्रत्येक खरखरीपाशी थांबून बसतं. शेवटचं काम लॉकआउटचं. यंत्राच्या स्वतःच्या पोटातही काही शिट्या तयार होतात, त्यांना आम्ही बर्डी म्हणतो. त्या जागा एकदा वगळून टाकल्या की स्कॅनर पुन्हा तिथे अडकत नाही.

हे सगळं लावून झाल्यावर मुलाने विचारलं, "पहिला शोध कशाचा?" मी म्हटलं, "४२.३४ मीटर." त्याला काही कळलं नाही. कळण्याचं कारणही नव्हतं. त्या जागेवरचं केंद्र १९४२ साली बंद पडलं.

आमचं घराणं नगरचं. आता कागदोपत्री अहिल्यानगर म्हणायचं, पण माझ्या तोंडून नगरच निघतं, ते चालवून घ्या. वडील १९४२ साली बारा वर्षांचे होते. तोफखान्यात एका वाड्यात दोन खोल्यांत राहायचे. वाड्याच्या मालकांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांकडे रेडिओ होता, वर हिरवा डोळा असलेला. स्टेशन नीट लागलं की तो डोळा मिटत यायचा. रात्री जेवणं झाली की चारपाच मोठी माणसं अण्णांच्या माजघरात जमायची आणि दार लोटून घ्यायची. वडिलांना बाहेर ओट्यावर बसवलेलं असे. अनोळखी कोणी बोळात शिरलं की त्यांनी मोठमोठ्याने पाढे म्हणायचे, अशी व्यवस्था होती. रात्री पावणेनऊला शाळकरी पोरगं पाढे म्हणतंय यात कोणालाच काही वावगं वाटत नाही. वडील म्हणायचे, "माझा एकोणतिसाचा पाढा पक्का झाला तो काँग्रेस रेडिओमुळे."

एकदाच त्यांना आत घेतलं होतं. त्या रात्री त्यांनी एका बाईचा आवाज ऐकला, इंग्रजीत. शब्द कळले नाहीत, पण "फॉर्टी टू" एवढं कळलं, कारण आकडे शाळेत झाले होते. ही गोष्ट त्यांनी मला किती वेळा सांगितली असेल, त्याची गणती नाही. आणि मी, बिनतारीच्या नोकरीला लागल्यावर, त्यांची उलटतपासणीच घेतली. कुठला महिना? आवाज एकसारखा येत होता की चढउतार होता? रोज येत होता? ते म्हणाले, "झोपाळा जवळ यावा आणि लांब जावा तसा आवाज यायचा. काही दिवस यायचा, काही दिवस नुसती खरखर." मी वहीत लिहून घेतलं. तेव्हा त्यांना राग आला असावा. आपला मुलगा आपली साक्ष काढतो आहे, हे कुठल्या बापाला आवडेल?

आता त्या काळातल्या नगरचं चित्र डोळ्यांपुढे आणा. ८ ऑगस्ट १९४२ला मुंबईत गवालिया टँकवर 'भारत छोडो'चा ठराव झाला. ९ तारखेच्या पहाटे धरपकड झाली. त्याच दिवशी दुपारी खास गाडीने काँग्रेसचे नेते नगरला आणले गेले आणि भुईकोट किल्ल्यात बंद झाले. मौलाना आझाद, जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव. सगळे मिळून बारा जण तिथे होते. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' १९४४ साली याच किल्ल्यात लिहिलं, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. त्यामुळे किल्ला म्हटलं की आपल्याला पुस्तक आठवतं. मला मात्र एक रेडिओ आठवतो.

मौलाना आझादांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. प्रवासात ते नेहमी एक छोटा रेडिओ बरोबर बाळगत. किल्ल्यात सामान आत आलं, बाकी सगळं त्यांना मिळालं, पण रेडिओ काढून घेतला गेला. तो पुन्हा त्यांच्या नजरेस पडला तो थेट सुटकेनंतर. पहिले काही आठवडे वर्तमानपत्रंही बंद होती. देशभर काय पेटलं आहे, चिमूर-आष्टीला काय झालं, यातलं काही ज्यांनी ठराव मांडला त्यांनाच कळत नव्हतं. अधिकाऱ्यांचं गणित साधं होतं. माणूस कोठडीत ठेवून भागत नाही, त्याच्याजवळचा काटाही काढून घ्यावा लागतो. चाकू काढून घ्यावा तसा त्यांनी रेडिओ काढून घेतला.

आणि नेते आत गेल्यावर अठराव्या दिवशी, २७ ऑगस्टला, मुंबईतून काँग्रेस रेडिओ बोलू लागला. भारतातून कुठूनतरी, ४२.३४ मीटरवर, काँग्रेस रेडिओ बोलत आहे, अशी इंग्रजीतून सुरुवात व्हायची. बोलणारी होती उषा मेहता. वय २२, मूळची सुरतजवळच्या सरस गावची, मुंबईत शिकणारी मुलगी. तिच्याबरोबर बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी अशी तरुण मंडळी होती. राममनोहर लोहियांसारखे भूमिगत नेते मजकूर पुरवत. शिकागो रेडिओचे नानक मोटवानी यांची यंत्रसामग्रीसाठी मदत होती. काँग्रेसच्या सभांना लाउडस्पीकर लावणारे म्हणून त्यांचं नाव आधीपासून माहीत होतं. ट्रान्समीटर जुळवला नरिमन प्रिंटर या तंत्रज्ञाने.

इथे माझ्यातला कारकून जागा होतो. ४२.३४ मीटर ही तरंगलांबी झाली. तिची फ्रीक्वेन्सी किती? रेडिओलहरींचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर धरून भागलं तर ७०८५ किलोहर्ट्झ येतात. अचूक वेग धरला तर ७०८० आणि थोडं वर. म्हणजे पाच किलोहर्ट्झचा गोंधळ आकडेमोडीतच आहे. पण दोन्ही उत्तरं एकाच मोहल्ल्यातली आहेत. ७००० किलोहर्ट्झच्या वरची ही जागा हौशी रेडिओवाल्यांची. आजही त्यांचीच आहे. १९३९ साली युद्ध सुरू झालं तेव्हा हिंदुस्थानातल्या हौशी मंडळींचे परवाने रद्द झाले आणि त्यांचे ट्रान्समीटर जमा करून घेतले गेले. ज्या गल्लीतून रहिवाशांना बाहेर काढलं होतं, त्याच गल्लीत ही मुलं रात्री येऊन उभी राहिली. माझ्या मते यामागे फार मोठं डावपेचाचं डोकं नसावं. घरगुती सामानात जे जुळतं ते हौशी पट्ट्यातच जुळतं, एवढंच कारण असेल. पण ऐकणाऱ्यांची सोय झाली. घरोघरच्या चांगल्या सेटवर ४१ मीटरचा पट्टा छापलेला असायचा. तिथून काटा जरासा पुढे सरकवला की झालं.

"जरासा" म्हणणं सोपं आहे. त्या सेटवर लघुलहरींच्या पट्ट्यात काटा केसभर हलला तरी दोनतीन केंद्रं मागे पडत. अण्णांच्या घरची मंडळी आज लागलेलं केंद्र उद्या तिथेच सापडेल या भरवशावर बसू शकत नव्हती. सेट तापला की काटा आपोआप सरकल्यासारखा व्हायचा. बर्लिन लागायचं, ऑल इंडिया रेडिओ लागायचा, मोर्सची टिकटिक लागायची. सुभाषबाबूंचा आझाद हिंद रेडिओ १९४२च्या सुरुवातीपासून जर्मनीतून बोलत होता, त्याचाही शोध रात्री घरोघर चाले. शेजारच्या घरात ऐकू जाऊ नये म्हणून आवाज बारीक ठेवायचा, आणि बारीक आवाजात दबका आवाज ओळखायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर खालची मर्यादा, वरची मर्यादा, स्टेप आणि स्क्वेल्च ही चारही कामं अण्णांची दोन बोटं करत होती. कुठली शिट्टी सोडून द्यायची आणि कुठल्या खरखरीपाशी थांबायचं, हे त्यांना सवयीने कळत असणार.

तो आवाज मुंबईहून नगरला पोचत होता का, हा माझा खरा प्रश्न होता. नकाशावर मुंबई आणि नगर जवळजवळ एका आडव्या रेषेत आहेत, अंतर सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटर. मध्ये सह्याद्री. छोट्या ट्रान्समीटरची जमिनीलगत जाणारी लहर इतकं अंतर कापत नाही, ती घाटाच्या अलीकडेच दम सोडते. मग एकच मार्ग उरतो. लहर जवळजवळ सरळ वर जायची, आकाशातल्या आयनांच्या थरावर आपटायची आणि उताराने खाली यायची. ७ मेगाहर्ट्झला हे होऊ शकतं, पण रोज नाही. थर दाट असला तर लहर परत येते, विरळ झाला तर आरपार निघून जाते. परत येताना ती दोन वाटांनी येते, त्या वाटा एकमेकींत मिसळतात, आणि आवाज खाली-वर होतो. झोपाळ्यासारखा. काही दिवस यायचा, काही दिवस नुसती खरखर.

वडिलांनी सांगितलेलं शास्त्राला धरून होतं. याने ते सिद्ध होत नाही, हे मला कळतं. लघुलहरींवरचं कुठलंही केंद्र असंच ऐकू येतं आणि बारा वर्षांच्या मुलाने नंतर ऐकलेल्या गोष्टी आधीच्या आठवणीत मिसळल्या असतील. पण अशक्य नव्हतं. आणि एक गोष्ट मला त्याहून सुचत राहते. वरून उतरणारी लहर काही वाडा बघून उतरत नाही. ती तोफखान्यात उतरली असेल त्या रात्री किल्ल्यावरही उतरली असणार. तिथे आत बारा माणसं होती आणि मौलानांचा रेडिओ कुठल्यातरी कपाटात बंद होता.

काँग्रेस रेडिओवरून काय सांगितलं जायचं? चितगाववरचा बाँबहल्ला, जमशेदपूरचा संप, बलियातला उठाव, चिमूर-आष्टीतले अत्याचार. सेन्सॉरच्या कात्रीतून वर्तमानपत्रात जे उतरत नव्हतं ते. ऑल इंडिया रेडिओच्या ए आय आर या अक्षरांचा अर्थ ही मंडळी 'अँटी इंडिया रेडिओ' असा लावत. (ज्या संस्थेच्या माध्यमाने माझ्यासारख्याला घडवलं तिच्याबद्दल हे सांगताना थोडं चाचरायला होतं, पण तेव्हा ते गोऱ्या सरकारचं खातं होतं.) कार्यक्रमाची सुरुवात 'हिंदुस्ताँ हमारा'ने आणि शेवट 'वंदे मातरम्'ने व्हायचा.

आता दुसऱ्या बाजूचं ऐका. म्हणजे माझ्या बाजूचं.

काँग्रेस रेडिओ शोधणारे दोन प्रकारचे लोक होते. एक अण्णांसारखे, दुसरे पोलीस आणि सरकारी देखरेखवाले. दोघंही रात्री तोच काटा तसाच फिरवत. सापडल्यावर दोघंही श्वास रोखून ऐकत. फरक एवढाच की दुसऱ्या खोलीत शब्दन् शब्द उतरून घेणारा माणूस बसलेला असायचा. त्याचा परिणाम मोठा गमतीचा झाला आहे. काँग्रेस रेडिओवर काय बोललं गेलं, याचा बराचसा मजकूर आज वाचायला मिळतो तो पोलिसांच्या नोंदींमुळे. ऐकून पेटून उठलेल्यांपैकी कोणी लिहून ठेवलं नाही, कारण लिहिलेलं सापडलं तर तुरुंग. ज्यांना ते बंद करायचं होतं त्यांनी इमानेइतबारे टिपून ठेवलं. वह्या लिहिण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे वाचून जरा बरं वाटतं, हे कबूल करतो.

केंद्र सापडलं की जागा शोधायची, त्याला दिशाशोधन म्हणतात. तारेचं मोठं कडं, लूप अँटेना, हळूहळू फिरवायचं. लोकांना वाटतं आवाज सर्वांत मोठा येतो ती दिशा. तसं करत नाहीत. मोठा आवाज बऱ्याच रुंद कोनात मोठाच राहतो. आवाज नाहीसा होतो तो कोन मात्र अगदी नेमका असतो. म्हणून कडं फिरवत फिरवत माणूस गप्प होईपर्यंत जायचं, तिथे थांबायचं आणि नकाशावर रेघ मारायची. मग दुसऱ्या ठिकाणी जाऊन दुसरी रेघ, तिसऱ्या ठिकाणी तिसरी. तीन रेघा एका बिंदूत कधीच मिळत नाहीत, एक छोटा त्रिकोण होतो. त्या त्रिकोणात कुठेतरी तो असतो.

रात्री ७ मेगाहर्ट्झवर हे आणखी अवघड. आकाशातून उतरलेली लहर लूपला फसवते, दिशा भलतीच दाखवते. म्हणजे नगरला बसून कोणी लूप फिरवला असता तर त्याला काही कळलं नसतं. जमिनीलगतची लहर मिळेल इतक्या जवळ, म्हणजे मुंबईतच, गाडी घेऊन फिरावं लागलं असणार. आणि मुंबईत लोखंडी कठडे, पत्रे, विजेच्या तारा, ट्रामच्या तारा. लहर सगळ्यांवरून उसळ्या मारते. शिवाय ही मंडळी बिऱ्हाडं बदलत होती. चौपाटीवरचं 'सी व्ह्यू', लॅबर्नम रोडवरचं 'अजित व्हिला', सँडहर्स्ट रोडवरचं 'लक्ष्मी भवन', गिरगावातली पारेख वाडी, वाळकेश्वरचा 'रतन महाल', आणि शेवटी महालक्ष्मीच्या देवळाजवळचा 'पॅरेडाइज बंगला'. दोनअडीच महिन्यांत एवढ्या जागा. त्रिकोण आखून होईपर्यंत पाखरू उडालेलं.

शेवट यंत्राने नाही केला, माणसाने केला. प्रिंटर पोलिसांच्या हाती लागला आणि त्याने ठावठिकाणा सांगितला. आपला माणूस फुटला आहे याची कुणकुण लागूनही १२ नोव्हेंबर १९४२च्या रात्री उषा मेहता आणि चंद्रकांत झवेरी प्रक्षेपण करायला बसले. पोलीस आत शिरले तेव्हा 'वंदे मातरम्'ची तबकडी चालू होती. थांबवा म्हटलं तरी ती थांबवली नाही, असं उषाबेननी पुढे सांगितलं आहे. खटला झाला. बाबूभाई खाकर यांना ५ वर्षं, उषाबेनना ४ वर्षं, चंद्रकांत झवेरींना १ वर्ष. विठ्ठलदास झवेरी आणि मोटवानी सुटले. उषाबेन येरवड्याहून १९४६ साली बाहेर आल्या, पुढे मुंबईत राज्यशास्त्र शिकवलं, १९९८ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं आणि २००० सालच्या ऑगस्टमध्ये त्या गेल्या. ११ तारखेला. ऑगस्ट महिन्याने त्यांना शेवटपर्यंत सोडलं नाही.

प्रिंटरविषयी लोक कडवटपणे बोलतात. मला तेवढं जमत नाही. ट्रान्समीटर त्याच्याच हातचा होता, तो नसता तर बाकीचे काय बोलणार होते? मारहाण, धमक्या, घरच्यांची काळजी, काय काय झालं असेल, ते त्या खोलीत नसलेल्या माणसाने कशाला बोलावं.

माणसाने केला, असं मी म्हटलं, ते माझ्या अनुभवावरूनही म्हटलं. १९९०च्या दशकाच्या अखेरची गोष्ट. वैमानिकांची तक्रार आली की ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या विमानांच्या पट्ट्यात मधूनच भजनं ऐकू येतात. स्वस्तातला, घरी जुळवलेला एफएम ट्रान्समीटर असला की तो आपल्या जागेवर बोलतोच, शिवाय भलत्याच जागी त्याचे पडसाद उमटतात. वैमानिकाला उतरण्याची सूचना ऐकू येण्याऐवजी अभंग ऐकू आला तर काय होईल, याची कल्पना करा. आम्ही गाडी घेऊन निघालो. दोन रेघा नगर-बीडच्या सीमेवर मिळाल्या. तिसऱ्या रेघेने एका गावाचा अंदाज दिला. त्यापुढे यंत्र काही सांगेना. मग मी एसटी थांब्याजवळच्या टपरीवर चहा घेतला आणि विचारलं, "इथे रेडिओ कोण दुरुस्त करतं?" दहा मिनिटांत दारात उभा होतो.

एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा. पत्र्याची खोली, बांबूला बांधलेली अँटेना, जुना टेपरेकॉर्डर. सकाळी भजनं, दुपारी बाजारभाव, संध्याकाळी पाण्याचा टँकर कुठल्या वस्तीवर येणार ते. सगळं गाव ऐकत होतं. पंचनामा झाला, सामान गोणपाटात बांधलं. त्याची आई दाराशी उभी होती, तिने आम्हाला चहा विचारला. मुलगा एवढा वेळ काही बोलला नव्हता. गाडीत बसताना तो जवळ आला आणि म्हणाला, "साहेब, किती लांब ऐकू येत होतं?"

त्याला शिक्षेची भीती होती, सामान गेल्याचं दुःख होतं, पण विचारलं ते हे. नियमाने मी काही सांगायला नको होतं. मी सांगितलं. आकडा ऐकून त्याचा चेहरा जो काही फुलला, तो माझ्या नोकरीतल्या कुठल्याच वहीत नोंदवलेला नाही.

त्याचं केंद्र बंद करणं चूक होतं का? नाही. विमानांच्या पट्ट्याशी खेळ नाही, आजही मी तेच करीन. २००६ साली बिहारमधल्या वैशाली जिल्ह्यातलं 'राघव एफएम मन्सूरपूर १' असंच बंद झालं तेव्हा देशभर हळहळ झाली. मी घरी बसून दोन्ही बाजूंनी भांडत होतो. १८८५चा तार कायदा, १९३३चा बिनतारी कायदा, हे आमच्या हातातले दोन दंडुके. दोन्ही गोऱ्या सरकारचे, आणि अगदी अलीकडे, २०२३च्या दूरसंचार कायद्याने, त्यांची जागा घेतली. म्हणजे ज्या काळ्या पुस्तकातून आम्ही कलमं काढायचो, ते पुस्तक काँग्रेस रेडिओ पकडणाऱ्यांच्याही टेबलावर होतं. हा विचार त्या गावाहून परतताना गाडीत पहिल्यांदा मनात आला, आणि मग नोकरी संपेपर्यंत मधूनमधून येत राहिला. त्या रात्री नगरला घरी थांबलो. वडिलांना मुलाची गोष्ट सांगितली. त्यांनी एकच विचारलं, "टँकरचं आता गावाला कोण सांगणार?"

वडील गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांची साक्ष मी मान्य केली आहे, हे त्यांना सांगायचं राहिलं.

तर तो स्कॅनर. खालची मर्यादा ७०००, वरची ७२००, रात्रीचे पावणेनऊ. बटण दाबलं. आकडे भराभर पळाले, पुन्हा पळाले, कुठेही थांबेनात. मुलगा म्हणाला, "काहीच नाही का हो?" मलाही नवल वाटलं, कारण त्या वेळी तो पट्टा इतका ओस नसतो. मग लक्षात आलं. दुपारी विमानांचा पट्टा लावून पाहिला होता, तिथली २५ किलोहर्ट्झची स्टेप तशीच राहिली होती. यंत्र ७०५०वर पाय ठेवत होतं, मग ७०७५वर आणि तिथून थेट ७१००वर. मधल्या जागेवर कोणी ओरडलं असतं तरी त्याला पत्ता लागला नसता. एकतीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाची ही गत. स्टेप एक किलोहर्ट्झवर आणली, स्क्वेल्च सैल केला, एक शिट्टी वगळली आणि पुन्हा सोडला.

७०८२वर थांबला. दोन हॅम मराठीत बोलत होते. एकाने आपल्या अँटेनाची उंची सांगितली, दुसऱ्याने तिकडे थंडी किती आहे ते विचारलं. आवाज झोपाळ्यासारखा जवळ येत होता आणि लांब जात होता. मुलाने खुर्ची पुढे ओढली आणि मी वही उघडून तारीख, वेळ आणि फ्रीक्वेन्सी लिहिली.